अजिमेच्या दारी

नेपाळमध्ये काठमांडू शहराच्या पश्चिमेस एक टेकडी आहे. पूर्वेकडील ३६५ दगडी पायऱ्या चढून गेले, की स्वयंभूनाथाचा पांढराशुभ्र स्तूप समोर येतो. त्याच्या चारही बाजूंस डोळे रंगविलेले असून नाकाच्या जागी, देवनागरी लिपी जाणणाऱ्यास सहज ओळखू येईल असा, '१' हा अंक दिसतो.

या स्तूपाजवळच हारितीचे लहानसे मंदिर आहे. तेथील नेवार लोक तिला 'अजिमा', म्हणजे आजी, म्हणतात. बौद्ध कथेप्रमाणे हारिती ही परक्यांची मुले पळवून खाणारी यक्षिणी होती. बुद्धांनी तिचे धाकटे मूल लपवून ठेविले, तेव्हा अपत्याच्या वियोगाचे दुःख तिला कळले आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. हिंदू भाविक तिलाच शीतला मानतात. पुजारी बौद्ध, आणि दर्शनाला आलेल्या बायका मात्र दोन्ही धर्मांच्या!

बाहेरून आलेला पाहुणा येथे हमखास विचारतो, "हे देऊळ नक्की कोणाचे?" शेताचा बांध दाखवावा तसे याचे उत्तर देता येत नाही. मग दोन्ही धर्म एकच म्हणावेत, असे कोणी सुचवील. पण तेही खरे नाही. एकीच्या मनात बुद्धांची कथा असते, दुसरीच्या मनात शीतलामाता. शेजारणीच्या देवतेचे नाव पुसून साधलेली एकी फार काळ टिकत नाही. येथे कोणी ते पुसायला जात नाही.

दोन देवळे बांधली तर तंट्याचे कारणच उरणार नाही, असाही एक युक्तिवाद आहे. पण देवीची साथ आठवावी. ती आली म्हणजे घरोघर मुले दगावत. वाचलेल्यांपैकी कित्येकांची दृष्टी जाई. लेकरासाठी पायऱ्या चढणाऱ्या आईला शेजारीण कोणत्या धर्माची, हे विचारण्याची उसंत कोठून असणार?

हा रोग लसीमुळे नाहीसा झाला, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. तरीही अजिमेच्या दारातील वर्दळ ओसरलेली नाही. मुलांची काळजी कोणत्याही लसीने जात नाही.

हारिती महाराष्ट्रासही परकी नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती आपला पती पांचिक याच्यासह बसलेली आहे. मूर्तीच्या खालच्या बाजूस छडी घेतलेले गुरुजी आणि त्यांचे शिष्य कोरले आहेत. पुढची मुले धडा गिरवीत आहेत आणि मागची खेळात रमली आहेत.