पाटाचें गणित आणि पाटाचा न्याय

वाचकहो, आपल्या खेडोपाडीं हल्लीं एक गोष्ट घरोघर ऐकूं येते. कुणब्याचा मुलगा, सुताराची मुलगी, लोहाराचा नातू इंजिनियरिंगच्या कॉलेजांत आहे. फीपायीं कोणीं एकर विकला, कोणीं बैलजोडी विकली, कोणीं कर्ज काढलें. ज्या विद्येच्या दारांत आपल्या आज्यापणज्यांस कोणी उभें केलें नाहीं, त्या विद्येच्या बाकावर आज आपलीं पोरें बसलीं आहेत, ही गोष्ट आनंदाचीच आहे. पण एवढें मोल देऊन आपण जें घेतों, तें पारखून घेतों काय? बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, चाल पाहतों. मग चार वर्षांची विद्या घेतांना ती कोणाच्या उपयोगी पडणार, हें पाहूं नये काय?

इंजिनियरिंगच्या वर्गांत पाटाचें गणित शिकवितात. कालव्यास उतार किती द्यावा, तळाची रुंदी किती ठेवावी, सेकंदास किती घनफूट पाणी वाहील, किती मुरेल, हें सारें मुलगा बिनचूक काढतो. हें गणित त्यास आलेंच पाहिजे. न आलें तर कालवा फुटेल. पण त्याच कालव्याच्या शेवटच्या चारीस पाणी पोहोंचतें कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्या परीक्षेंत सहसा येत नाहीं. तोंडाशीं ज्याचें शेत, त्याचा ऊस पाण्यांत उभा. शेपटाशीं ज्याचें शेत, त्याची ज्वारी पाळीची वाट पाहतां पाहतां वाळून जाते. कागदावर मात्र दोघांचेंही रान भिजलेलें! हा चमत्कार कोण करतो? पाणी बिचारें उताराकडे जातें. त्यास जात नाहीं आणि वशिलाही नाहीं. पण उतार कोठून आंखावा, दार कोठें बसवावें, दाराचें तोंड किती रुंद ठेवावें, हें माणूस ठरवितो. त्या माणसास इंजिनियर म्हणतात.

पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग निघाला तो १८५४ सालीं. सरकारच्या बांधकाम खात्यास हाताखालचे नोकर मिळावेत, हा त्याचा हेतु होता. शेतकरी काय म्हणतो, हें तेथें शिकविण्याचें कारणच नव्हतें. पुढें १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यांत त्यांनीं पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कोरडे ओढले, आणि शेताच्या गरजेच्या मानानें प्रत्येक शेतकऱ्यास पाण्याची तोटी करून द्यावी, असें सुचविलें. पाहा, त्यांनीं नुसता उपदेश केला नाहीं, तोटी सांगितली. न्याय हा व्याख्यानांत नसतो, तो तोटीच्या मापांत असतो, ही गोष्ट त्यांस कळली होती.

आपल्या अडाणी म्हटलेल्या वडिलांसही ती कळत होती. खानदेशांत पांझरेच्या बंधाऱ्यांखालीं फड पद्धत शेंकडों वर्षें चालत आली. रानाचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, आणि पाणी द्यावयाचें तें गांवानें नेमलेल्या पाटकऱ्यानें. त्या पाटकऱ्यानें कॉलेज पाहिलें नव्हतें. पण १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांत ज्यांनीं पाणी पंचायत उभी केली, ते विलासराव साळुंखे तर शिकलेसवरलेले इंजिनियर होते. त्यांनीं पाणी जमिनीच्या मानानें न वांटतां माणसांच्या मानानें वांटलें: माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकर. उसास बंदी. ज्यास जमीन नाहीं, त्याचाही पाण्यावर हक्क! यांत कोणतें गणित चुकलें? गणित तेंच, फक्त भागाकार करतांना खालीं एकरांऐवजीं माणसें मांडलीं.

आतां शहराकडे पाहा. तेथें एक इंजिनियर गटार आंखतो, आणि दुसरा कोणी त्यांत उतरून मरतो. संरक्षणाच्या साधनांवांचून माणसास गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें. २०२३ सालीं सुप्रीम कोर्टानें अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी माणसें मरतच आहेत. कां? मॅनहोलचें तोंड, त्याची खोली, विषारी वायु निघून जाण्याची वाट, हें सारें आंखतांना ‘हें साफ कोण करणार?’ असें कोणीं विचारलेंच नाहीं. आंखणाराच्या मनांत उत्तर आधींच ठरलेलें होतें, आणि तें उत्तर म्हणजे एका जातीचें नांव होतें. केरळांत कांहीं तरुण इंजिनियरांनीं हा प्रश्न विचारला, आणि मॅनहोल साफ करणारें ‘बँडिकूट’ नांवाचें यंत्र बनविलें. २०१८ सालीं तें तिरुवनंतपुरम येथें कामास लागलें. प्रश्न विचारला तर विद्येपाशीं उत्तर असतें. न विचारला तर ती मुकी.

कोणी म्हणेल, कॉलेजांत नीति शिकवितात कीं! होय, कागदावर आहे. २०१४ सालीं आपला देश वॉशिंग्टन करारांत पुरा सभासद झाला; पदवीधरास समाजाचें भान व धंद्याची नीति असावी, असें त्या कराराखालीं मान्य केलें आहे. तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ सालीं नमुना अभ्यासक्रम छापला. त्यांत मानवी मूल्यांचा विषय आहे, राज्यघटनेचाही आहे. पण पदवीचे श्रेयांक १६०, आणि त्यांत राज्यघटनेस श्रेयांक शून्य! ज्या विषयास मार्क नाहींत, तो मुलें कसा शिकतात, हें शाळेंत गेलेल्या कोणासही सांगावयास नको. सकाळीं तासभर समतेचें प्रवचन, आणि दिवसभर समतेवांचून गणित, अशी ही सोंवळ्याची व्यवस्था आहे. देव देव्हाऱ्यांत, आणि व्यवहार ओटीवर.

दुसरा कोणी म्हणेल, नीति आईबापांनीं घरीं शिकवावी. चोरी करूं नको, हें आम्ही घरीं शिकवितोंच. पण दाराचें तोंड चार बोटें रुंद आंखलें म्हणजे खालच्या दहा घरांची चोरी झाली, हें घरीं कोण शिकविणार? तें शिकविण्याची जागा नकाशा आंखण्याचा वर्गच होय. तिसरा म्हणेल, इंजिनियरच्या हातीं काय आहे, पुढारी ठरवितात. बरें तर, पण नकाशावर सही कोणाची असते?

आणि जें कॉलेज न्याय शिकविणार, त्यानें तो आधीं आपल्या अंगणांत पाळावा. प्रवेशपरीक्षेंत कितवा नंबर आला असें विचारून दुसऱ्याची जात ताडण्याची खोड मोठमोठ्या संस्थांतही आहे. मुंबईच्या आय.आय.टी.स २०२३ सालीं विद्यार्थ्यांनीं एकमेकांस असें विचारूं नये, म्हणून सूचना काढावी लागली. कुंभाराच्या पोरास माती कळते, लोहाराच्या पोरास लोखंडाचें पाणी कळतें. पण तीं पोरें वर्गांत खालीं मान घालून बसतात, आणि त्यांच्या घरचें ज्ञान पुस्तकांत कोठेंच नसतें.

म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, न्यायाचा प्रश्न गणितांतच घालावा, व त्यास मार्क ठेवावेत: कालवा काढलास, आतां शेवटच्या चारीचें पाणी काढून दाखव, गटार आंखलेंस, आतां माणूस न उतरवितां तें साफ करून दाखव. उत्तर न आलें तर नापास. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्यानें एक पाळी शेवटच्या शेतकऱ्याबरोबर रात्रीं बांधावर उभें राहून काढावी. तिसरी, पाटकरी, गवंडी, लोहार व सफाई कामगार यांस वर्गांत मानधन देऊन बोलवावें; पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून.

आणि घरच्या मंडळींस एकच सांगणें. आपलाच मुलगा उद्यां साहेब होऊन जीपमधून उतरेल, आणि शेपटाच्या शेतकऱ्यास ‘पाणी सोडलें आहे, कागद पाहा’ असें सांगेल. त्या दिवशीं आपण एकर विकून काय मिळविलें? सबब सुटीस पोर घरीं आलें म्हणजे त्याच्या ताटांत गोडधोड अवश्य वाढा. पण दुसरे दिवशीं त्यास चारीच्या शेवटापर्यंत चालत न्या, आणि तेथील कोरड्या मातीवर उभें करून विचारा, ‘बाळा, हें गणित तुझ्या पुस्तकांत आहे काय?’