मागे कोण बसणार, ते आधी ठरवा

शंभर सीसीची मोटारसायकल म्हणजे आपल्या कित्येक घरांत दुकान, टेम्पो आणि सवारी असं तिन्ही एकच. सकाळी गांधीनगरातून कपड्यांचा गठ्ठा, दुपारी लक्ष्मीपुरीतून किराणा, संध्याकाळी मागे बायको आणि मध्ये लेकरू. मग एक दिवस ठरतं, की गाडीला दणकट कॅरिअर करून घ्यायचा. कोल्हापुरात ही गोष्ट अवघड नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी 1918 साली देशी सिनेकॅमेरा घडवला, तिथं पाइप वाकवून जोडण्याचं काय कौतुक? शिवाजी उद्यमनगरात गाडी उभी केली की मिस्त्री टेप घेऊन पुढं येतो आणि विचारतो, "ओझं किती घालणार?"

हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, मागे कोण बसणार? कारण कॅरिअर बहुतेक वेळा सामानाचं माप घेऊन केला जातो आणि मागच्या माणसाला उरेल त्या जागेत बसावं लागतं. ते माणूस बहुधा घरातली बाई असते, एका अंगानं बसलेली, मांडीवर मूल, बुरख्याचा किंवा ओढणीचा घोळ खाली लोंबणारा.

शहरात दुधाचा रतीब घालणाऱ्या गवळ्याची गाडी एकदा नीट बघा. त्याचा कॅरिअर दिसायला ओबडधोबड, पण त्यात अक्कल आहे. 40 लिटरच्या एका कॅनमध्ये नुसतं दूधच 41 किलोच्या आसपास भरतं. हे ओझं तो सीटवर रचत नाही, दोन्ही बाजूंना खाली, चाकाच्या आसाजवळ टांगतो. वजन जितकं खाली आणि आसाच्या जवळ, तितकी गाडी हातात राहते. अर्थात दोन भरल्या कॅनचं वजन छोट्या गाडीला झेपण्यापलीकडचं असतं, ते त्याचं घेऊ नये. घ्यायची ती मांडणी.

उलट, सीटच्या मागं फूटभर लांब फळी काढून तिच्यावर पोतं ठेवलं तर काय होतं? छोट्या गाडीच्या दोन चाकांत साधारण चार फूट अंतर असतं. मागच्या आसाच्या एक फूट मागे 20 किलो ठेवले, तर मागच्या चाकावर 25 किलोंचा भार येतो आणि पुढच्या चाकावरचे 5 किलो उचलले जातात. तराजूच्या दांडीचाच हिशेब आहे. वर मागे माणूस बसलं आणि पन्हाळ्याचा चढ लागला की हँडल हलकं वाटायला लागतं. "काय होत नाही!" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य, पण पुढचं चाक ते ऐकत नाही.

आता लोखंड. पुष्कळजण भरीव सळीच मागतात, कारण ती हाताला दणकट लागते. 12 मिलिमीटरची भरीव सळी मीटरला जवळपास 890 ग्रॅम भरते. पाच सुताचा, म्हणजे 16 मिलिमीटरचा 16 गेज पाइप मीटरला 570 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि वाकण्याला मात्र सळीपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त टिकतो. कॅरिअरला पाच मीटर माल लागला, तर दीड किलो वाचला. पाइपची तोंडं वेल्डिंगनं पूर्ण बंद करून घ्या. उघडी राहिली तर पावसाचं पाणी आत साचतं आणि पाइप आतून गंजतो, बाहेरचा रंग तसाच चकचकीत राहतो.

गाडीच्या मूळ सांगाड्याला वेल्डिंग करू द्यायचं नाही, मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी. चांगल्या नळीला वेल्डिंगचा ताप लागला की ती शेजारच्या जागी कमजोर होते. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत मनानं फेरफार करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कॅरिअर बोल्टनंच बसवायचा. सीटमागच्या धरायच्या हँडलचे बोल्ट जिथं आहेत ती जागा बहुतेक गाड्यांत उपयोगी पडते. खालच्या टेकूसाठी जागा शोधताना मात्र एक परीक्षा करा. कुणाला तरी सीट जोरात दाबायला सांगा आणि बाजूला बसून बघा. जो भाग चाकाबरोबर राहतो आणि सीटबरोबर खाली येत नाही, त्याला कॅरिअर बांधायचा नाही. काही गाड्यांत मागचे फूटरेस्टच अशा हलत्या भागावर असतात. कॅरिअरचं वरचं टोक सांगाड्याला आणि खालचं त्यांना जोडलं, तर शॉकअब्सॉर्बर अडतो नाहीतर पाइप तुटतो.

माप गाडीवर घ्या, जाड तार आणि पुठ्ठ्याचा नमुना करा, पण वेल्डिंग गाडी बाजूला ठेवून, टेबलावर. पेट्रोलच्या टाकीशेजारी ठिणग्या उडवण्यात शहाणपण नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंजिनाचा कारभार बघणारा इलेक्ट्रॉनिक डबा असतो, त्याला वेल्डिंगचा करंट बाधू शकतो.

आता पुन्हा मागच्या माणसाकडे. बायको रोज मागे बसत असेल तर बाजूच्या चौकटी कायमच्या ठोकू नका. दोन खिळींवर अडकणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या करून घ्या. सामानाच्या फेरीला लावायच्या, घरच्या फेरीला काढायच्या. वरची फळी सीट जिथं संपते तिथून मागे सुरू झाली पाहिजे, एक इंचही पुढे नको, आणि तिच्यावर हलकंच सामान. पकडायचं हँडल काढावं लागलं, तर तसंच हँडल कॅरिअरला करून घ्यायचं. आणि साडी गार्ड काढून तिथं पिशवी टांगायची, हा प्रकार तर अजिबात नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमानं मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असावा लागतो, तो याच कपड्यासाठी. ओढणी आरीत गुंतली की गळ्याला फास बसायला क्षण पुरतो. नाहीतरी पाइप वाकवून घेताय, तर बुरख्याचा घेर लक्षात घेऊन जाळी थोडी मोठीच करून घ्या.

2020 साली याच नियमात सामानाच्या डब्याचं माप आलं. लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. डबा मागच्या माणसाच्या जागेवर बसवला तर गाडीवर चालवणारा एकटाच. त्या जागेच्या मागे बसवला तर दोघं चालतात, पण कंपनीनं ठरवलेल्या वजनाच्या आत.

बारीकसारीक गोष्टी मिस्त्री विसरतो, तुम्ही विसरू नका. मागचा दिवा, इंडिकेटर, नंबरप्लेट झाकली जाऊ नये. सायलेन्सरपासून चार बोटं अंतर हवं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पिशवी वितळते. बोल्टला नायलॉक नट घाला. ट्यूबच्या पट्टीनं सामान बांधलं की तिचं लोंबणारं टोक आत खोचा. रेड ऑक्साइडचा हात दिल्याशिवाय वरचा रंग नको.

पहिल्यांदा 20 किलो गव्हाचं पोतं बांधून, मागे कुणाला न बसवता, ओळखीच्या खडबडीत रस्त्यानं फिरून या. 100 किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत आवळा आणि प्रत्येक जोडावर बोट फिरवून रंग तपासा. रंगाला केसाएवढी चीर दिसली तर बहुधा खालचा जोड उकलायला लागलेला असतो. त्यावर नुसता वेल्डिंगचा ठिपका मारून घेऊ नका, कोपऱ्यात छोटी तिकोनी पट्टी घालून घ्या.