जपानी सुरी घरात आणताना

मैत्रिणींनो, आपण उभ्यानं स्वयंपाक करायला लागलो, विळी ओट्याखाली गेली आणि हातात सुरी आली. पण ही सुरी घेताना आपण किती विचार करतो? साडीसाठी चार दुकानं पालथी घालू, पातेल्याचं बूड वाजवून पाहू, आणि सुरी मात्र भाजी घेऊन येता येता, उरलेल्या सुट्ट्या पैशांत! मग बोथट धारेनं टोमॅटो चिरडायचा, मनगट दुखवून घ्यायचं आणि एखाद्या दिवशी बोट कापून घ्यायचं. होय, बोटं बऱ्याचदा कापतात ती बोथट सुरीनंच. जोर जास्त लावावा लागतो आणि सुरी घसरते. दिवसातून दोन-तीन वेळा जे हत्यार आपल्या हातात असतं, ते चांगलं असावं असं वाटणं म्हणजे काही चैन नव्हे.

हल्ली मुलं, जावई, भाचे जपानला ये-जा करतात आणि येताना सुरी आणतात. इथेही त्या मागवता येतात. पण काही हजार रुपयांची ही वस्तू पहिल्याच महिन्यात खराब होते, ती वापर माहीत नसल्यामुळे. म्हणून आज तिच्याविषयीच बोलू या.

ही धार आली कुठून?

ओसाकाजवळचं साकाई आणि गिफू प्रांतातलं सेकी ही जपानमधली सुऱ्यांची दोन नामांकित गावं. सेकीत शेकडो वर्षं तलवारी घडत. साकाईचं नाव झालं ते तंबाखू कापायच्या सुऱ्यांमुळे. १८७६ साली तिथल्या सरकारनं सामान्य माणसाला तलवार लावून फिरायची बंदी केली, तेव्हा पुष्कळ तलवारवाले लोहार घरगुती सुऱ्यांकडे वळले. तो हात त्या सुऱ्यांत आजही दिसतो.

जपानी सुरीचं पोलाद आपल्या नेहमीच्या सुरीपेक्षा कडक असतं आणि पातं पातळ. धारेचा कोन दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांचा, तर साध्या पाश्चात्त्य सुरीचा २० अंशांच्या आसपास. त्यामुळे ती लोण्यातून गेल्यासारखी जाते आणि धार पुष्कळ दिवस टिकते. पण कडक म्हणजेच ठिसूळ, हे विसरू नका. चिक्की वाकत नाही, मोडते, तसंच हे. जपानी सुरीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

कोणती घ्यावी?

नावं ऐकून गोंधळू नका. सांतोकू म्हणजे ‘तीन गुणांची’. भाजी, मासे, मटण तिन्हींना चालणारी. पातं १६ ते १८ सेंटीमीटर. घरात एकच घ्यायची असेल तर हीच घ्या. नाकिरी ही खास भाजीची. धार सरळ, टोक चौकोनी. कोबी, पालेभाजी, काकडी चिरायला फार छान. शाकाहारी घरात ही पुरेल. ग्यूतो २१ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असते, मोठा हात आणि मोठा ओटा असेल तरच घ्या. फळांसाठी १२ ते १५ सेंटीमीटरची लहान ‘पेटी’ मिळते.

देबा आणि यानागिबा या मासे साफ करण्याच्या आणि कच्च्या माशाचे पातळ काप काढण्याच्या सुऱ्या. त्यांची धार एकाच बाजूला असते. त्यांना धार लावणं नवख्या हाताचं काम नाही, आणि डावखुऱ्या बाईला तर वेगळी बनवलेलीच घ्यावी लागते. त्यांच्या वाटेला सध्या जाऊ नका.

आता पोलाद. कार्बन पोलादात शिरोगामी आणि आओगामी, म्हणजे ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’, ही नावं ऐकू येतील. पोलाद पांढरं वा निळं नसतं बरं का. ज्या कागदात गुंडाळून येई, त्याच्या रंगावरून हे नाव पडलं. धार अप्रतिम, पण गंज लगेच चढतो. आपल्याकडे लिंबू, चिंच, कोकम, कैरी रोजचीच, त्यात पावसाळा आणि कोकणातली खारी हवा. तेव्हा पहिली सुरी स्टेनलेस पोलादाचीच बरी. व्हीजी-१० हे त्यातलं चांगलं, सहज मिळणारं पोलाद. पात्यावर लाटांची सुंदर नक्षी असली तर किंमत वाढते. ती नक्षी बाहेरच्या थरांची असते, कापणारं पोलाद आतलं. नक्षी आवडली तर जरूर घ्या, पण तिनं धार वाढत नाही.

मूठ हातात धरून पाहता आली तर उत्तम. लाकडी जपानी मूठ हलकी असते, रिव्हेट मारलेली पाश्चात्त्य मूठ जड. आपल्या मनगटाला काय मानवतं ते आपणच ठरवायचं. आणि विमानानं कोणी आणणार असेल, तर सुरी मोठ्या सामानात टाकायला सांगा; हातातल्या बॅगेत ती चालत नाही.

काय करू नये?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलानं आणलेल्या सुरीनं घरात कोणीतरी नारळ फोडला आणि धारेचा टवका उडाला. “सासूबाई म्हणतात, आपली विळी काय वाईट होती? आता ही टाकून द्यायची का?” असं त्या विचारतात. टाकू नका, ताई. एक-दोन मिलिमीटरचं खांड जाडसर दगडावर घासून निघतं, वेळ मात्र लागतो. त्याहून मोठं असेल तर पाण्याच्या दगडावर काम करणाऱ्या जाणकाराकडे द्या. आणि सासूबाईंचंही खरं आहे. नारळाला विळी आणि कोयताच हवा! जुनी जाड सुरी जवळ ठेवा आणि नारळ, गुळाची ढेप, हाडं, लोणच्याच्या कैरीची बाठ, फ्रीझरमधला दगड झालेला गोळा ही कामं तिच्याकडे द्या.

कापायला लाकडी किंवा मऊ प्लास्टिकचा पाट घ्या. ग्रॅनाइटचा ओटा, काच किंवा स्टीलचं ताट यांवर धार एका दिवसात जाते. चिरलेली भाजी पातेल्यात लोटताना सुरी उलटी करून पाठीनं लोटा. लाल भोपळ्यात पातं रुतलं तर पिळून काढू नका, सरळ मागे ओढा.

धार कशी लावावी?

गल्लीतला धारवाला आपल्या विळी-कात्रीला ठीक, पण ही सुरी त्याच्या हाती देऊ नका. कोरडं चाक फिरतं, ठिणग्या उडतात. त्या उष्णतेनं धारेचं पाणी उतरतं आणि पातं नको तितकं झिजतं. खाचेतून ओढायची यंत्रं आणि खरखरीत सळईही नको, त्यांनी धारेचे बारीक टवके उडतात.

हिला लागतो पाण्याचा दगड. त्याचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. ४०० चा दगड खांडं काढायला, १००० चा नेहमीच्या धारेला, ३००० ते ६००० चा शेवटच्या सफाईला. एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला बारीक, असा जोडदगड घरी पुरतो.

दगड दहा-पंधरा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा. (काही दगडांवर नुसतं पाणी शिंपडलं तरी चालतं; सोबतची चिठ्ठी वाचा.) खाली ओला नॅपकिन पसरा, म्हणजे दगड सरकणार नाही. पातं दगडावर टेकवा आणि पाठ पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाइतकी उचला. साडेचार सेंटीमीटर रुंद पातं असेल तर सेंटीमीटरभर, म्हणजे करंगळीच्या टोकाइतकी. हाच १५ अंशांचा कोन. तो शेवटपर्यंत सुटू द्यायचा नाही, सारं कसब त्यात आहे.

डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर हलकेच दाबून मागे-पुढे घासा. टोकापासून मुठीकडे तीन-चार भागांत या. वर जमणारी राखाडी राड पुसू नका, तीच काम करते. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवून पाहा. धारेच्या लांबीनं मात्र कधीही फिरवू नका. बारीक खरखरीत कड लागली, म्हणजे ही बाजू झाली. सुरी उलटी करून तेवढंच करा. शेवटी बारीक दगडावर दोन्ही बाजू आलटून पालटून, अगदी हलक्या हातानं. पिकलेला टोमॅटो जोर न लावता कापला गेला, की जमलं!

पहिल्यांदा नव्या सुरीवर हात बसवू नका, जुनीवर सराव करा. रोजच्या वापराला दोन-तीन महिन्यांतून एकदा धार पुरे. दगड मध्ये खोल होऊ लागला, तर त्यावर पेन्सिलीच्या रेघा मारा आणि सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश कागदावर रेघा जाईपर्यंत घासा. दगड सावलीत वाळवा, उन्हात तडकतो.

रोजची निगा

काम झालं की सुरी लगेच धुवा, पुसा, ठेवून द्या. सिंकमध्ये भांड्यांखाली टाकू नका. साबणाच्या फेसात न दिसलेल्या पात्यानं भांडी घासणाऱ्या बाईंचा हात कापायचा! तारेची घासणी आणि भांडी धुण्याचं यंत्र दोन्ही वर्ज्य. ड्रॉवरमध्ये मोकळी ठेवू नका. जाड पुठ्ठ्याचं घरगुती म्यान करा, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

कार्बन पोलादाची असेल, तर कांदा-लिंबू कापताना मधूनमधून पुसा. पात्यावर निळसर करडा रंग चढला तर घाबरू नका, तो उलट संरक्षण करतो. तांबूस डाग मात्र गंज. खाण्याच्या सोड्याची लापशी बाटलीच्या बुचानं चोळा. बरेच दिवस ठेवून द्यायची तर जपानी लोक कॅमेलियाच्या बियांचं तेल लावतात. आपण खाद्य दर्जाचं लिक्विड पॅराफिन बोटभर लावावं. फोडणीचं तेल पुढे चिकट होतं.

शेवटचं सांगणं, घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून हे नियम सांगा. ओट्यावर काम करणारा प्रत्येक हात शिकलेला असेल, तरच सुरी टिकेल. आणि दगड काढायला एक दिवस नेमून टाका. खंडेनवमीला आपण घरातल्या हत्यारांची पूजा करतोच. त्याआधीच्या रविवारी सुरी पाजवून, पुसून तयार ठेवा, म्हणजे हळदीकुंकू लागेल ते धारदार पात्यालाच.