आधी दिवा लागला की आधी गाडी बंद पडली?

"चालता चालता बंद पडली आणि सगळे दिवे लागले." जुनी ओम्नी किंवा ईको घेऊन आलेला शाळेच्या व्हॅनचा चालक एका दमात एवढे सांगतो. त्याचे बोलणे संपायच्या आत आपल्यातले बरेच जण स्कॅनर शोधू लागतात. त्याआधी त्याला एक विचारा: दिवे आधी लागले, की गाडी आधी बंद पडली?

इंजिन थांबले आणि चावी चालूच राहिली, तर ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागणारच. तेलाला दाब उरत नाही, अल्टरनेटर फिरत नाही. हे दिवे इंजिन थांबल्याचे सांगतात, का थांबले ते सांगत नाहीत. पण बॅटरीचा दिवा आधीपासून मिणमिणत असेल, हेडलाइट मंद झाले असतील, तर प्रथम चार्जिंग बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्टेज घसरले की पेट्रोलचा पंप दाब देत नाही, ठिणगी दुबळी होते आणि गाडी आचके देत थांबते. ऑइलचा लाल दिवा मात्र चालत्या इंजिनावर लागला असेल, तर चालकाला फोनवरच सांगा: गाडी तिथेच बंद कर, पुन्हा सेल मारू नकोस, ओढून आण.

चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याबाबत आपल्या धंद्यात एक वाईट सवय रुजली आहे. कोड वाचायचा, पुसायचा आणि कोडात नाव असलेला सेन्सर बदलायचा. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. त्यात सेन्सर आला, तशी वायर आली आणि कनेक्टरही आला. ओम्नी आणि ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथे उष्णता कोंडते, वर्षानुवर्षे वायरींची आवरणे कडक होतात, कनेक्टरच्या खाचा तुटतात. गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर निमूट चालू होते, ही तक्रार क्रँक सेन्सरची नेहमीची आहे. पण ती तपासायची गाडी बंद पडलेली असतानाच. सेल मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसतो का ते बघा, मग कनेक्टर हलवून बघा, वायर मीटरने मोजा. एवढे झाल्यावरच सेन्सरला हात लावा. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबतची फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. बिघाडाच्या क्षणी इंजिन किती तापले होते, कितीवर फिरत होते, हे तिथेच मिळते आणि कोड पुसला की तेही जाते.

अर्थिंग तर आपण विसरतोच. सेल मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर मीटर गेला, तर पट्टी काढून घासा. खर्च काही नाही.

गाडी सीएनजीची असेल तर कोणत्या इंधनावर बंद पडते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्हींवर पडत असेल तर ठिणगी, थ्रॉटल बॉडीतला कार्बन, क्रँक सेन्सर, अर्थिंग. फक्त गॅसवर पडत असेल तर रिड्यूसर आणि गॅसचा फिल्टर. फक्त पेट्रोलवर पडत असेल तर पंप आणि इंजेक्टर. गॅसवर धावणाऱ्या गाड्यांत टाकी बहुधा तळाला गेलेली असते, आणि टाकीतला पंप थंड राहतो तो पेट्रोलनेच. सिग्नलला आयडल चढत असेल तर व्हॅक्यूमची गळती शोधा. एमएपी सेन्सरच्या गाडीत गळतीमुळे मिश्रण पातळ होण्याऐवजी बऱ्याचदा आयडलच वाढतो.

या तपासणीला वेळ लागतो आणि त्याचे पैसे घ्यायला आपण लाजतो, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकते. तपासणी फुकट ठरली की कमाई सुट्या भागातूनच काढावी लागते. मग चांगला सेन्सर भंगारात जातो आणि मुलांना घेऊन निघालेली व्हॅन आठवड्याने पुन्हा उड्डाणपुलावर थांबते. जॉबकार्डावर "तपासणी मजुरी" अशी वेगळी ओळ छापून घ्या. गाडी आत घेताना ती रक्कम चालकाला सांगा आणि काय मोजले, किती आले, ते त्याच कागदावर लिहून द्या.