जुना टँक घ्या, जुना दगड नको

बदली झाली किंवा घर बदलायचे ठरले, की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोफा आणि सायकलीबरोबर एखादा खाऱ्या पाण्याचा फिशटँकही विकायला निघतो. ‘मासे, दगड, वाळू, पंप, सगळ्यासकट.’ भाव नव्याच्या निम्म्याहून कमी असतो आणि मुलांचा हट्ट असतोच. वाशीतल्या माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरांत टँक असाच आला आहे.

पहिल्यांदाच हा छंद करणाऱ्याने काच, स्टँड, दिवे खुशाल जुने घ्यावेत. आतला दगड आणि वाळू मात्र विकणाऱ्याकडेच राहू द्यावी, असे माझे मत आहे. जाणकार यावर हरकत घेतील, आणि ती अगदीच चुकीची नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या दगडातच राहतात. नव्या टँकमध्ये ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि जुन्या दगडामुळे तेवढी वाट पाहणे वाचते. पण वाहतुकीत दगड कोरडा पडला, की त्यातले जीव मरून सडतात आणि उलट अमोनियाच वाढतो. तळाची जुनी वाळू ढवळली गेली तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि माशांना मारक ठरतो.

डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती टँक घासणाऱ्या हातांची. क्षयरोगाच्या जंतूचा एक चुलतभाऊ पाण्यात राहतो. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये तो 1926 साली सापडला. गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत तो असतो आणि बोटावरच्या ओरखड्यातून आत शिरतो. दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तिथे न दुखणारी लालसर गाठ येते. पुढे ती फुटते, आणि मनगटाकडून वर एका रांगेत आणखी गाठी दिसू लागतात. तोपर्यंत टँक धुतल्याचे रुग्ण विसरून गेलेला असतो.

आपल्याकडे घोटाळा पुढेच होतो. गाठीचा तुकडा तपासला, की चित्र त्वचेच्या क्षयासारखेच दिसते. हा जंतू 30 अंशांच्या आसपास चांगला वाढतो, तर क्षयाचे कल्चर 37 अंशांवर ठेवतात. त्यामुळे तो निसटू शकतो. सीबीनॅट चाचणी क्षयाच्या जंतूंसाठी आहे, तिच्यातही तो दिसत नाही. मग क्षयाची नेहमीची औषधे सुरू होतात, आणि त्यांतल्या पायराझिनामाइडचा याच्यावर काहीच उपयोग नसतो. योग्य औषधेही काही महिने घ्यावी लागतात. संसर्ग बोटाच्या स्नायुबंधापर्यंत गेला तर शस्त्रक्रिया करावी लागते. हे सगळे ‘घरी फिशटँक आहे का?’ या एका प्रश्नाने टळू शकते. आम्ही डॉक्टर तो क्वचितच विचारतो. गर्दीच्या ओपीडीत तो सुचतही नाही, म्हणून तुम्ही आपणहून सांगा. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा घाबरायचे कारण नाही.

जुन्या दगडावर बटणांसारखे रंगीत, मऊ जीव चिकटलेले असतील तर ते झोअँथिड असू शकतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. दगड ‘निर्जंतुक’ करायला कोणी उकळते पाणी ओतले, की ते वाफेबरोबर श्वासात जाते. 2018 साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात घरच्या टँकमधले कोरल काढताना एका कुटुंबाला विषबाधा झाली. मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. आपल्या गृहिणीचा पहिला विचार उकळत्या पाण्याचाच असतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. शिवाय कठीण सांगाड्याचे कोरल आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. विकणाऱ्याने ते फुकट दिले तरी घेऊ नका.

टँक आणलाच असेल तर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. नळीतून पाणी काढताना तोंडाने ओढू नका; आपल्याकडे ही सवय फार आहे. मधुमेह असलेल्यांनी, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे घेणाऱ्यांनी सफाई दुसऱ्यावर सोपवावी. खारे पाणी विजेला फार लवकर वाट देते, म्हणून ईएलसीबी चालू आहे का ते आधी तपासा, आणि वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जाणार नाही. सांधे गळत नाहीत ना, हे विकत घेण्यापूर्वी पाणी भरून बघा. दोनशे लिटरच्या टँकमध्ये पाण्याचेच वजन दोनशे किलोंहून जास्त होते. जुना डगमगता स्टँड ते पेलणार नाही.

माशांसाठी लांब जायला नको. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास केली जाते. पैदाशीचा मासा मिळत असेल तर समुद्रातून पकडलेला घेऊ नये. आणि छंद जमला नाही तर मासे वाशीच्या खाडीत सोडू नका. दुकानदार बहुधा परत घेतो, निदान विचारून तरी पाहा.