फळ्यासमोर उभं राहायची तयारी

बी.एस्सी. झाल्यावर संशोधनाकडं जावं असं वाटणाऱ्या सीमाभागातल्या मुलामुलींकडून मला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "लेखी निघेल हो, पण मुलाखतीत इंग्रजी कोण बोलणार?" आणि "बेंगळूरला कशाला, तिथं आपलं कोण आहे?" या दोन वाक्यांपायी चांगली हुशार पोरं अर्जच भरत नाहीत. म्हणून स्पष्टच लिहितो.

बेंगळूरची भारतीय विज्ञान संस्था 1909 सालची, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था 1945 ची. दोन्हीकडं केंद्राचा, म्हणजे आपल्याही कराचा पैसा जातो. सीमाप्रश्नावरचं आपलं भांडण राज्य सरकारशी आहे आणि ते चालूच राहील. पण त्या रागात आपल्या वाट्याची जागा सोडून देणं, हे कुठलं आंदोलन?

आता मुलाखतीचं. समोर त्या विषयाचे प्राध्यापक असतात, बाजूला फळा. पाठांतराला तिथं फारशी किंमत नाही. समजा विचारलं, गोकाकच्या धबधब्याखाली पाणी किती तापतं? उंची सुमारे 52 मीटर. पडताना मिळालेली सगळी ऊर्जा उष्णतेत गेली असं धरा. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. 9.8 गुणिले 52, भागिले पाण्याची विशिष्ट उष्मा 4,186. उत्तर सुमारे 0.12 अंश सेल्सिअस.

खरी मुलाखत इथून पुढं सुरू होते. थर्मामीटर लावला तर एवढंच दिसेल का? तुषारांच्या बाष्पीभवनानं पाणी गार होतं, त्याचं काय? हवेचं काय? हे सगळं मोठ्यानं बोलत, एकेक पायरी दाखवत जायचं. अडलात तर बहुतेक वेळा समोरून इशारा मिळतो. तो पकडून पुढं जाता येतं का, हेही ते बघत असतात. येत नसेल तर सरळ "माहीत नाही, पण असा विचार करून बघतो" म्हणा. थापा लगेच पकडल्या जातात.

तयारीही तशीच करा. आवडीचे दोन विषय निवडा आणि पहिल्या वर्षाच्या पुस्तकापासून पक्के करा. सूत्र कुठून आलं, कुठं चालत नाही, आलेख कसा दिसतो, हे आधी मराठीत कुणाला तरी समजावून सांगा. मराठीत अडखळलात तर तिथं भाषा कच्ची नाही, विषय कच्चा आहे. नीट जमलं की तेच छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत बोला. तेवढं इंग्रजी पुरतं. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले आणि आयुष्यभर मराठीतून विज्ञान लिहीत राहिले. दोन्ही भाषा एका डोक्यात सुखानं नांदतात.

आणि मंडळांनो, तुम्हालाही एक मागणं. गणपतीला, शिवजयंतीला आपण झटून वर्गणी काढतो. त्यातूनच वाचनालयात एक फळा लावा. रविवारी दोन तास मुलांना त्याच्यासमोर उभं करा. आपल्यातले जे आधीच अशा संस्थांत पोचलेत, त्यांनी फोनवरून तासभर प्रश्न विचारावेत.

हक्क मागायला आपण रस्त्यावर उतरतोच. यंदा अर्जही भरूया.