घर मोहन्यात, बाजार मात्र चार गावांत

मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेले तेव्हा नोकरदार वर्ग ठाण्यात आला. ठाणे महागले तसा तो डोंबिवली-कल्याणकडे सरकला आणि कल्याणही परवडेनासे झाल्यावर आता शहाड, आंबिवली, टिटवाळ्याच्या दिशेने निघाला आहे. या प्रवासात ज्या गावांच्या वाट्याला नवे रहिवासी आले, त्यात मोहने हे एक. घर पाहायला येणारा स्थानक किती मिनिटांवर आहे हे विचारतो, पाणी किती वेळ येते हे विचारतो. महिन्याचा किराणा, मुलांचे कपडे, लग्नाचा बस्ता आणि बिघडलेला मिक्सर यांसाठी कुठे जावे लागेल, हा प्रश्न मात्र किल्ली हातात पडल्यानंतरच सुचतो.

मोहन्याला बाजार नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोजची भाजी, दूध, किराणा, औषधे, मासळी, शिंपी आणि भांडीवाला हे सारे गावात आहे. परंतु हा बाजार ज्या गिऱ्हाइकासाठी वाढला ते गिऱ्हाईक वेगळे होते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे 'एनआरसी', हा कृत्रिम रेशीम आणि टायरसाठी लागणारा धागा बनवणारा कारखाना मोहन्याच्या अर्थव्यवहाराचा कणा होता. त्याची वसाहत, शाळा, पाळ्यांच्या वेळा आणि पगाराची तारीख यांवर दुकानदारांचे गणित बसलेले असे. नोव्हेंबर २००९ मध्ये कारखान्याला टाळे लागले आणि चार हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. थकीत देण्यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला, प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेत गेले आणि जागा अदानी समूहाकडे आली. उधारीची वही ठेवणाऱ्या किराणा दुकानदाराला अशा टाळेबंदीचा अर्थ कोणत्याही अर्थतज्ज्ञाआधी कळतो. ज्याच्या पगारावर वही चालते त्याचा पगारच थांबला, तर दुकानदार माल कमी भरतो, नवा माल आणण्याचे धाडस करत नाही आणि हळूहळू बाजार 'गरजेपुरता' उरतो.

नवा रहिवासी आला तो या गरजेपुरत्या बाजारात. त्याची मिळकत मुंबई-ठाण्यात, सवयी शहरी आणि खरेदीचा दिवस रविवार. त्यामुळे मोहन्यात राहून त्याची खरेदी चार दिशांना विखुरली आहे.

पहिली दिशा अर्थातच कल्याण. शिवाजी चौक, महंमद अली चौक, शंकरराव चौक हा जुन्या शहराचा व्यापारी पट्टा. कपडा, सोने, भांडी, शाळेचे साहित्य, स्टेशनरी असे सारे येथे चालत्या अंतरात मिळते. स्थानकालगतचे लक्ष्मी मार्केट भाजीसाठी. कृषी उत्पन्न बाजार समितीत घाऊक भाव मिळतो, शिवाय दसरा-दिवाळीला झेंडू घ्यायचा तर तेथील फूलबाजाराला पर्याय नाही. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मुक्त केल्यावर शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट मोकळी झाली. मात्र मोहन्यातल्या गृहिणीच्या पिशवीपर्यंत माल पोचेतो मधले हात किती कमी झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एका कुटुंबाने घाऊक बाजारात जाण्यात फारसे हशील नाही; पाच-सहा घरांनी मिळून पोते घेतले तरच रिक्षाचे भाडे वसूल होते. खडकपाडा परिसरात नव्या धाटणीची मोठी दुकाने आहेत. तेथे ठरावीक भाव आणि पक्की पावती मिळते, घासाघीस नाही.

दुसरी दिशा उल्हासनगर, आणि नवख्यांनी सर्वांत आधी समजून घ्यावी अशीही हीच. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. हाती भांडवल नसलेल्या माणसांनी घरातच कारखाना आणि ओट्यावर दुकान काढले. त्या मालावरच्या 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा खरा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मुंबईकरांनी दोन पिढ्या चघळला. पण नवा संसार थाटणाऱ्या मध्यमवर्गाचे पलंग, कपाटे आणि सोफे याच शहराने परवडणाऱ्या दरात पुरवले, हेही तितकेच खरे. गजानन मार्केट आणि जपानी बाजार कापडासाठी, फर्निचर बाजार घर सजवण्यासाठी, पाच नंबर कॅम्पाचा भाग जीन्ससाठी, अशी ढोबळ विभागणी ध्यानात ठेवली की पायपीट वाचते. मोहन्याहून शहाड गाठले की उल्हासनगर हाकेच्या अंतरावर आहे.

येथे एक सावधगिरी हवी, आणि ती उल्हासनगरपुरती मर्यादित नाही. कोणत्याही घासाघिशीच्या बाजारात 'बिल नको असेल तर इतके कमी' असा प्रस्ताव येतोच. वस्तू व सेवा कराचे चार पैसे वाचवण्याच्या मोहात ग्राहक कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतो आणि सहा महिन्यांत प्लायवूड फुगले की त्याच्या हाती पुरावा नसतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; दुकान दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात असले तरी अडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावरही दाद मागता येते. पण या साऱ्याचा आधार पक्की पावती हाच आहे.

तिसरी दिशा टिटवाळ्याची. येथे मोठा बाजार नसला तरी पावसाळ्यात आसपासच्या पाड्यांवरून येणाऱ्या आदिवासी महिला शेवळे, टाकळा, कंटोली घेऊन बसतात, तेव्हा ही खेप सार्थकी लागते. अशी भाजी मोठ्या दुकानाच्या थंड कपाटात सहसा दिसत नाही. अंगारकी चतुर्थीला मात्र कसारा मार्गावर खरेदीच्या पिशव्या घेऊन चढण्याचे धाडस करू नये. महागणपतीच्या दर्शनाला निघालेल्या गर्दीपुढे पिशवीचा टिकाव लागत नाही. चौथी दिशा डोंबिवलीची. सणासुदीला फडके रोडला जाण्याची हौस अनेकांना सुटत नाही, एवढेच.

या चारही दिशांचा खरा खर्च वस्तूच्या किमतीत दिसत नाही. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर लोकलची संख्या मुख्य मार्गाच्या मानाने तोकडी आहे आणि कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे रेंगाळत आले आहे. एक गाडी चुकली की फलाटावर ताटकळणे आले. परिवहनच्या बसचा भरवसा धरावा अशी स्थिती नाही. म्हणून उरते ती शेअर रिक्षा. शहाडचा उड्डाणपूल तुंबला की तीही निरुपयोगी. पासधारक चाकरमान्याला रेल्वेचे वेगळे पैसे पडत नाहीत. घरी राहणारी स्त्री आणि वृद्ध यांना मात्र प्रत्येक खेपेला तिकीट, रिक्षा आणि अर्धा दिवस मोजावा लागतो. महाग भाव निमूटपणे देऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून घेण्याची वेळ त्यांच्यावरच अधिक येते. मोबाइलवरून घरपोच माल मागवण्याची सोय त्यांना उपयोगी खरी. परंतु उधारीची वही, अर्धा डझन अंडी आणि सुटी कोथिंबीर ही गरज अजून गल्लीतल्या दुकानाचीच.

मग गावातच बाजार का वाढू नये? विकास आराखड्यात मंडईसाठी जागा राखून ठेवणे आणि प्रत्यक्षात ओटे बांधून ते विक्रेत्यांना देणे यांत कल्याण-डोंबिवलीत नेहमीच मोठे अंतर राहिले आहे. पथविक्रेत्यांसाठीचा केंद्राचा कायदा २०१४ चा. त्यानुसार सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीची निश्चित जागा हा क्रम अपेक्षित आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मज्जाव केला. पर्यायी जागा न देता केलेल्या हकालपट्टीने विक्रेता काही संपत नाही, तो शेजारच्या गल्लीत जातो. आणि संध्याकाळी लोकलमधून उतरणारा ग्राहक त्याला शोधत तेथे पोचतो.

दरम्यान, बंद कारखान्याच्या विस्तीर्ण जमिनीवर काय येणार, याकडे मोहन्याच्या दुकानदारांचे डोळे लागले आहेत. २०२५ मध्ये तेथे सिमेंट दळणाच्या प्रकल्पाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा धूळ आणि अवजड वाहतुकीच्या धास्तीने रहिवाशांनी जनसुनावणीत तीव्र विरोध नोंदवला. दुकानदारापुढचा पेच याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. कारखाना आला तर पगाराची तारीख परत येईल, ही आशा त्याला आहे; पण अशा स्वयंचलित प्रकल्पात जुन्या रेयॉन कारखान्याइतके हात लागत नाहीत, हेही त्याला ठाऊक आहे. आणि धुळीला कंटाळून नव्या इमारतींतले गिऱ्हाईक खडकपाड्याकडे निघून गेले, तर वही पुन्हा कोरीच राहायची.